गहाळ

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मागून आलेल्या दुचाकीवरच्या दोघांनी माझ्या हातातला मोबाईल हिसकावला. मी तो पटकन सोडला नाही, म्हणून मागे बसलेल्याने मला ढकलले. मी रस्त्याच्या कडेला आडवा झालो आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने कसे लागले म्हणून विचारले, तेव्हा मी "पडलो" एवढेच म्हणालो, कारण वेदनेत माणूस लांबण लावत नाही, आणि मी पडलोच होतो. केसपेपरवर 'पडल्यामुळे इजा' असे लिहिले गेले. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने खुर्ची दिली, पाणी दिले आणि अत्यंत आपुलकीने समजावले की जबरी चोरीची फिर्याद लिहायची तर पंचनामा होईल, जबाब होतील, पुढे ओळख परेड आणि न्यायालयाच्या तारखा मागे लागतील. मला केवळ नवे सिम कार्ड हवे असेल, तर मोबाईल गहाळ झाल्याचा दाखला पुरतो आणि तो दहा मिनिटांत मिळतो. मनगट ठणकत होते. मी दहा मिनिटे निवडली आणि उजव्या हाताने सही केली.

त्या काळात मी एका वृत्तपत्रात उपसंपादक होतो आणि गुन्हेवृत्तांचे पान माझ्याकडेच असे. एखाद्या वार्ताहराने हीच घटना पाठवली असती, तर मी तिची तीन ओळींची संक्षिप्त बातमी केली असती आणि रात्री उशिरा जाहिरात आल्यावर सर्वांत आधी तीच पानावरून उतरवली असती. पण ती कोणी पाठवलीच नाही. एका हिंसक गुन्ह्याचे अशा रीतीने एकाच संध्याकाळी एक अपघात आणि एक विसरभोळेपणा असे दोन तुकडे झाले, आणि ते करण्यात पोलिसांइतकाच माझाही हात होता. किंबहुना मोडलेला नव्हता तोच. तेव्हापासून शहरातील गुन्हे इतक्या टक्क्यांनी घटले असे कुठे वाचले की माझे लक्ष आधी त्या घटीतल्या माझ्या वाट्याकडे जाते.

ही शंका नवी नाही. फ्रान्सने १८२७ पासून फौजदारी खटल्यांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि आदोल्फ केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने ती आकाशातल्या ग्रहांच्या नोंदींसारखी तपासायला घेतली. दरवर्षी साधारण तेवढेच गुन्हे आणि तेवढेच आरोपी पाहून तो चकित झाला; परंतु हे आकडे न्यायालयापर्यंत आलेल्या गुन्ह्यांचे आहेत आणि न आलेल्यांची बेरीज कोणालाच ठाऊक नाही, हेही त्याने १८३०च्या दशकातच लिहून ठेवले. मग त्याने एक गृहीत मांडले. उजेडात आलेले गुन्हे आणि अंधारात राहिलेले गुन्हे यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर असते असे आपण मनातल्या मनात मान्य केले नाही, तर या साऱ्या आकडेवारीचा काही उपयोग नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला हे वाक्य फार प्रामाणिक वाटते, कारण आजही आपण यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवतो तेव्हा नेमके हेच गृहीत धरतो. फरक इतकाच की त्याला ते गृहीत आहे हे माहीत होते.

ते प्रमाण स्थिर नसते हे कळायला पुढे जवळजवळ दीड शतक गेले. अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंड व वेल्समध्ये १९८२ पासून पोलिसांना बाजूला ठेवून थेट घरोघरी विचारणारी सर्वेक्षणे सुरू झाली: गेल्या काही महिन्यांत तुमच्यावर काय बेतले आणि त्यातले तुम्ही पोलिसांना काय सांगितले? अमेरिकेतल्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे असे दिसत आले आहे की मारहाण, लूट, लैंगिक अत्याचार अशा हिंसक प्रसंगांपैकी निम्म्याच्या आसपास, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी, पोलिसांपर्यंत पोहोचतात. वाहनाची चोरी मात्र बहुतेक वेळा पोहोचते, कारण विमा कंपनीला पोलिसांचा कागद लागतो. म्हणजे गाडी गेली तर माणूस ठाण्याची पायरी चढतो आणि थोबाडीत बसली तर घरी जाऊन बर्फ लावतो. या सर्वेक्षणांनाही एक आंधळी जागा आहेच. ज्याचा खून झाला त्याला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून खून त्यांच्या बेरजेत येत नाहीत.

पायरी चढल्यावरही पुढे एक टेबल असते. पोलिसांना सांगितलेले गुन्हे नोंदवहीत उतरतात का, याची इंग्लंड आणि वेल्समध्ये तिथल्या पोलीस निरीक्षण संस्थेने २०१४ मध्ये तपासणी केली, तेव्हा सांगितलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते असे आढळले. हिंसेच्या गुन्ह्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. त्याच वर्षाच्या आरंभी तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा दर्जा काढून घेतला होता, आणि सरकारी यंत्रणेने सरकारी आकड्याला असे उघडपणे नापास करणे मला आजही कौतुकाचे वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९९४ पासून ठाणेप्रमुखांना दर आठवड्याच्या आकड्यांचा जाब विचारण्याची पद्धत सुरू झाली, तिचा पुष्कळ बोलबाला झाला आणि अनेक शहरांनी ती उचलली; पण २०१० मध्ये तिथल्या एका ठाण्यातल्या पोलिसानेच गुपचूप केलेली ध्वनिमुद्रणे बाहेर आली, ज्यांत लुटीची तक्रार घेण्याचे टाळा, गुन्हा सौम्य करून लिहा अशा सूचना ऐकू येत होत्या, आणि पोलीस दलाच्या स्वतःच्या चौकशीनेही त्या ठाण्यातली ही काटछाट खरी ठरवली. भारतीय पोलिसांच्या बोलीत याला 'बर्किंग' असा एक शब्द आहे. १८२८ मध्ये एडिनबरोत बर्क नावाच्या माणसाने साथीदारासह सोळा जणांचे जीव घेतले आणि प्रेते शरीरशास्त्राच्या अध्यापकाला विकली. अंगावर खूण राहू नये म्हणून तो गुदमरवून मारत असे. गुन्हा खूण न ठेवता गुदमरवण्याला त्याचे नाव मिळावे, इतका नेमका शब्द भाषेला क्वचित सापडतो.

यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. बलात्कार करून खून झाला तर भारताचा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग त्या प्रकरणाची मोजणी एकाच, सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली, म्हणजे खुनाखाली करतो. अमेरिकेतही अनेक दशके असाच नियम होता. दुहेरी मोजणी टाळण्यासाठी केलेला हा साधा हिशेबी नियम आहे. पण त्यामुळे त्या स्त्रीवर खुनाआधी जे घडले, ते बलात्कारांच्या आकड्यात येत नाही. अमेरिकेने हा नियम सोडून २०२१ मध्ये अधिक तपशीलवार पद्धत सक्तीची केली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस ही दोन सर्वांत मोठी शहरे नव्या पद्धतीत वेळेवर आलीच नाहीत आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय आकड्यांत त्यांच्या जागी अंदाज बसवावे लागले. अधिक खरे मोजायला जावे आणि एक वर्षच विरळ व्हावे, असेही होते.

मग आमच्या डेस्कवरचे अनुभवी सहकारी म्हणत, "खुनाचा आकडा धर, प्रेत लपत नाही." हे बरेचसे खरे आहे, आणि शहरांची तुलना करणारे संशोधकही त्यामुळेच खुनाच्या दरावर अधिक विसंबतात. पण या भक्कम आकड्यालाही आत पोकळ्या आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००२-०३ या वर्षी खुनांची संख्या एकाएकी उसळलेली दिसते, आणि तक्ता पाहणाऱ्याला वाटावे की त्या वर्षी देशात काहीतरी भयंकर घडले. प्रत्यक्षात हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरने आदल्या दोन-अडीच दशकांत स्वतःच्या रुग्णांना प्राणघातक इंजेक्शने देऊन केलेले १७० हून अधिक खून चौकशीअंती त्या एका वर्षाच्या नावे लिहिले गेले होते. ज्या वर्षांत शिपमन माणसे मारत होता, त्या वर्षांच्या तक्त्यांत ते मृत्यू नैसर्गिक होते. पुढे १९८९ च्या हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीतले ९६ मृत्यूही, २०१६ च्या निकालानंतर, २०१६-१७ च्या मनुष्यवधांत दाखल झाले. तक्त्यातले वर्ष कागदाला शाई लागल्याचे असते.

शिवाय मारणाऱ्याचा हेतू आणि खुनाचा आकडा यांच्यामध्ये शस्त्रक्रियागृह उभे असते. तेवढाच खोल वार एका दशकात खून ठरतो आणि रुग्णवाहिका, रक्तपेढी व शल्यचिकित्सा सुधारलेल्या पुढच्या दशकात खुनाचा प्रयत्न ठरतो. खून घटले या वाक्याचे श्रेय म्हणून कधी पोलीस आयुक्ताला जाते, कधी गृहमंत्र्याला जाते. भूलतज्ज्ञाला दिलेले मी कुठे वाचलेले नाही.

आता ज्या एका तपशिलाने मला सर्वाधिक अस्वस्थ केले, त्याकडे येतो. इंग्लंड आणि वेल्समधले ते सर्वेक्षण जगातल्या उत्तम सर्वेक्षणांपैकी एक मानले जाते. त्यात एकाच माणसाकडून एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा झालेला त्रास 'मालिका' म्हणून नोंदवत आणि अनेक दशके अशा मालिकेतले जास्तीत जास्त पाच प्रसंग मोजत. कारण शास्त्रीय होते: एखाद्या उत्तरकर्तीने साठ प्रसंग सांगितले तर तिच्या एकटीमुळे देशाचा अंदाज वरखाली होईल आणि वर्षावर्षांची तुलना डळमळेल. रेषा गुळगुळीत राहावी म्हणून साठाचे पाच झाले. सिल्व्हिया वॉल्बी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मर्यादा काढून पुन्हा गणित केले, तेव्हा हिंसक गुन्ह्यांचा एकूण अंदाज सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, आणि वाढलेला भाग मुख्यतः घरातल्या व ओळखीच्या माणसांनी केलेल्या हिंसेचा, बायकांच्या वाट्याचा होता. २०१९ मध्ये ती पाचाची मर्यादा सोडण्यात आली. यात कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी गुन्हा दडपला नव्हता. बाईने अनोळखी माणसासमोर साठ सांगितले होते आणि तिच्यावर अविश्वासही कोणी दाखवला नव्हता. केवळ आलेखाला धक्का बसू नये एवढीच काळजी घेतली गेली होती. जिला नेमाने मार बसतो तिचा सहावा मार सांख्यिकीला जड होतो, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

भारतातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच कोणाकडे मदत मागितली, असे आढळते; आणि हे कोणाकडे म्हणजे बहुतेकदा आई, भाऊ, सासरचे माणूस. पोलीस त्या यादीत फार खाली येतात. तेव्हा शहराच्या हिंसेचा सर्वांत मोठा भाग चार भिंतींच्या आत राहतो आणि ठाण्याची नोंदवही मुख्यतः रस्त्याची नोंदवही असते.

याच कारणाने वाढलेल्या आकड्याने घाबरायचे मी सोडले आहे, निदान लगेच घाबरायचे. दिल्लीत बलात्काराच्या नोंदी २०१२ मध्ये ७०६ होत्या आणि २०१३ मध्ये १,६३६ झाल्या. डिसेंबर २०१२ च्या त्या घटनेनंतर शहर एका वर्षात दुपटीहून अधिक क्रूर झाले असे मानण्यापेक्षा, बायका बोलायला पुढे आल्या, कायद्याने गुन्ह्याची व्याख्या रुंदावली आणि अशी फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद झाली, हे अधिक पटते. इंग्लंडमध्येही त्या २०१४ च्या फटकाऱ्यानंतर पाच वर्षांत पोलिसांकडच्या हिंसेच्या नोंदी दुपटीहून अधिक झाल्या, छळवणुकीचे नवे प्रकार त्यात धरले गेले हे त्याचे एक कारण, आणि घरोघरच्या सर्वेक्षणात मात्र तशी वाढ नव्हती. उलट एखाद्या ठाण्याच्या हद्दीत लैंगिक गुन्हे वर्षभर शून्य असतील, तर मला त्या हद्दीतल्या बायकांची चिंता वाटते. अर्थात प्रत्येक वाढीचा असा सुखद अर्थ लावण्याची सोयही राज्यकर्त्यांना फार आवडते, आणि ती त्यांना फुकट मिळू नये. नोंदी वाढल्या की रुग्णालयातल्या जखमाही वाढल्या का, हे पाहिल्याशिवाय दोन्ही दावे सारखेच पोकळ.

बातमीचे काय होते, ते मी आतून पाहिले आहे. पानाला जागा ठरलेली असते आणि गुन्ह्यांना नसते. शहरात शांत आठवडा गेला म्हणून गुन्हेवृत्तांचे पान कोरे सोडल्याचे मला आठवत नाही. त्या आठवड्यात आम्ही दूरच्या गावचा खून वर घेत असू. नेहमीचे ते संक्षिप्तात आणि विरळा ते मथळ्यात, हा आमचा न लिहिलेला नियम होता. अनोळखी माणसाने रस्त्यावर केलेला हल्ला वर, दारुड्या नवऱ्याने घरात केलेला खून 'घरगुती वादातून' या दोन शब्दांत खाली. हे दोन शब्द मी किती वेळा टाईप केले असतील याचा हिशेब नाही. अशा रीतीने जे कमी घडते ते वाचकाला रोज दिसते आणि जे रोज घडते ते दिसतच नाही. अमेरिकेत १९९१ नंतरच्या सुमारे पंचवीस वर्षांत हिंसक गुन्ह्यांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला, तरी त्यातल्या बहुतेक वर्षी गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत अधिकांश लोक गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले असेच सांगत राहिले. गंमत अशी की स्वतःच्या परिसराबद्दल विचारले की तेच लोक पुष्कळ कमी घाबरलेले असत. परिसर ते डोळ्यांनी पाहत होते, देश आमच्या पानावरून.

१३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. त्या वर्षी त्या शहरात सहाशेहून अधिक खून झाले होते आणि न्यूयॉर्क टाइम्सने आधी याही खुनाला चार परिच्छेद दिले, जे कोणत्याही उपसंपादकाने दिले असते. मग पोलीस आयुक्त एका संपादकाशी जेवताना बोलून गेले, आणि दोन आठवड्यांनी पहिल्या पानावर बातमी आली की ३८ सभ्य नागरिकांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ तो खून पाहिला आणि कोणीही पोलिसांना बोलावले नाही. मथळ्यात तो आकडा ३७ होता. अशी चूक रात्रपाळीला कशी होते हे मला कोणी समजावण्याची गरज नाही. त्या बातमीवर मानसशास्त्राची एक शाखा उभी राहिली. पुढे कळत गेले की बहुतेकांनी काही पाहिले नव्हते, काहींनी अर्धवट ऐकले होते, हल्ले तीन नव्हे दोन झाले होते, एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला काही वेळ पळवून लावले होते, आणि एक शेजारीण जिना उतरून धावत गेली होती व तिने किटीला शेवटपर्यंत जवळ धरून ठेवले होते. त्याच वृत्तपत्राने २०१६ मध्ये आपले मूळ वार्तांकन सदोष असल्याचे लिहिले. सहाशेंपैकी एका खुनाने त्या शहराला साऱ्या जगात निर्दय ठरवले, आणि जिना उतरलेली बाई बातमीत मावली नाही.

शहर, हा शब्दही इथे थोडा फसवा आहे. लंडनच्या मध्यातल्या 'सिटी ऑफ लंडन' या छोट्या भागात दहा हजारांहून कमी लोक राहतात आणि कामाला पाच लाखांहून अधिक येतात, त्यामुळे दर हजार रहिवाशांमागे गुन्हे काढले तर तो भाग रणांगण ठरतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातले पोलिसांना आलेले वर्षभराचे दूरध्वनी तपासून लॉरेन्स शर्मन हे गुन्हेशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले की निम्मे दूरध्वनी सुमारे तीन टक्के ठिकाणांवरून आले होते. एक चौक, एक मद्यालय, एक इमारत, आणि पलीकडच्या गल्लीत वर्षानुवर्षे काही नाही. सरासरी काढली की त्या चौकातल्या माणसाला आपले दुःख अतिशयोक्त वाटू लागते आणि पलीकडच्या गल्लीतला माणूस विनाकारण दाराला तिसरी कडी बसवतो.

या सगळ्यात मला सर्वांत समंजस वाटलेले काम एका शल्यचिकित्सकाचे आहे. वेल्समधल्या कार्डिफ शहरातले जोनाथन शेपर्ड जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या जखमा शिवत असत, आणि त्यांच्या लक्षात आले की मारहाणीत जखमी होऊन टेबलावर आलेल्यांपैकी पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नाही. त्यांनी पुढे अशी व्यवस्था बसवली की अपघात विभागाच्या खिडकीवरच काही प्रश्न विचारायचे: कुठे घडले, केव्हा घडले, कशाने मारले, नाव वगळून ही माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला द्यायची. कोणत्या मद्यालयासमोर, कोणत्या वेळी, काचेच्या पेल्याने की मुठीने, हे कळू लागल्यावर गस्त तिथे गेली, त्या रस्त्यांची व्यवस्था बदलली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये ४२ टक्क्यांनी कमी झाले. मी हे वाचले तेव्हा तो 'पडल्यामुळे इजा' लिहिलेला केसपेपर शोधून काढला. त्या तरुण डॉक्टरने "कुठे पडलात?" एवढे जरी विचारले असते, तरी मी बहुधा सगळे सांगितले असते. फिर्यादीची भीती असते, डॉक्टरची नसते.

माझ्या शेजारच्या घरात काही वर्षे एक जोडपे राहत होते. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच होती. रात्री पलीकडे आवाज चढत, काहीतरी आपटे, मग एक विशिष्ट प्रकारची शांतता पसरे, जी मला चांगली ओळखू येऊ लागली होती. जिन्यात ती भेटली की हवापाण्याचे बोलणे होई. किती रात्री हे ऐकले ते मला सांगता येणार नाही. पाचाहून खूप अधिक. मी 'घरगुती वादातून' हे शब्द लिहिणारा माणूस होतो, मला कोणत्या क्रमांकावर कळवायचे ते ठाऊक होते, आणि मी एकदाही कळवले नाही. ते जोडपे पुढे घर सोडून गेले.

घर पाहायला आलेल्या नव्या कुटुंबातली बाई लहान मुलाला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि तिने विचारले, "परिसर कसा आहे काका? सुरक्षित आहे ना?"

"शांत आहे," मी म्हणालो, "इतक्या वर्षांत कधी काही झाले नाही."